पिशवी लिफ्टनं, नंदा जिन्यानं

“आई म्हणजे काय मेथीची जुडी आहे? लिफ्टमध्ये ठेवली, चौदाचं बटण दाबलं, दिली पाठवून!”

“मी असं म्हटलेलं नाही.”

“मग काय म्हटलंस? आईंना लिफ्टमध्ये नीट उभं करते, मी मागून जिन्यानं येते. हेच म्हणालीस ना? अगं, मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे तिचं. डोळ्यावर पट्टी असणार. दुसऱ्या डोळ्यानं तिला समोरचा माणूस दिसत नाही, बटण काय दिसणार?”

“वॉचमनला सांगेन बरोबर जायला.”

“वॉचमन! सून असताना वॉचमन!”

चंद्रप्रकाश परबांचा आवाज चढत होता आणि नंदा गवारीच्या शेंगा गरजेपेक्षा बारीक मोडत होती. हॉलमध्ये लॅपटॉप उघडून बसलेल्या सुयोगनं एका कानावरचा हेडफोन बाजूला केला.

“आई, एक दिवस स्किप मार ना यार. जिमवाले पण एक दिवस रेस्ट घेतात.”

“माझा नेम आहे,” नंदा म्हणाली.

नेम म्हटल्यावर चंद्रप्रकाश जरा नरमले. त्यांच्या आईचे, वनमालाबाईंचे, सोमवार, संकष्टी आणि एकादशी असे तीन नेम सांभाळत ते लहानाचे मोठे झाले होते. नेमाशी भांडायचं नसतं एवढं त्यांना कळत होतं. पण जिना चढण्याचाही नेम असू शकतो, हे पचनी पडेना.

“मला गुरुवारी मरोळला कामावर थांबावंच लागेल. तपासणीला माणसं येणार आहेत, मालक मला सोडणार नाही. सुयोगला ऑफिसला बोलावलंय. तू घरी. मग तू नेणार नाहीस तर कोण नेणार?”

“नेणार नाही असं मी कधी म्हटलं? दवाखान्यात मीच नेणार. फक्त लिफ्टमध्ये—”

“फक्त लिफ्टमध्ये! धन्य आहे बाई तुझ्या व्यायामाची!”

इथे भांडण थांबलं. कारण साडेसहा वाजत आले होते आणि साडेसहाला नंदाचं सेशन होतं. चंद्रप्रकाशांनी टीव्हीचा आवाज बंद केला. सुयोगनं कुकरखालचा गॅस बंद केला. सेशन चालू असताना घरात शिट्टी होता कामा नये, मिक्सर फिरता कामा नये, शिंक आलीच तर ती संडासात जाऊन द्यायची, असा दंडक होता. मनःशांतीची एवढी धास्ती परबांच्या घरानं याआधी कधी घेतली नव्हती.

नंदा कोच होती. वीस वर्षांहून जास्त ती विक्रोळीच्या एका कंपनीत पर्सोनेलमध्ये होती. मग कंपनीनं तो विभागच गुंडाळला आणि एक्कावन्नाव्या वर्षी तिला पुष्पगुच्छ, भिंतीवरचं घड्याळ आणि बराचसा रिकामा वेळ देऊन घरी पाठवलं. शेजारणींनी सुचवलं, पोळीभाजी केंद्र काढा. नंदाला ते लागलं. शेवटी गेल्या वर्षी तिनं आठ आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केला आणि लाइफ कोच झाली. त्यातही चिंता हा तिचा खास विषय. ‘चिंता समजून घेणे व स्वीकारणे : विशेष प्रावीण्य’ असं सर्टिफिकेटवर सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं. नव्या घराच्या भिंतीत खिळे ठोकायचे नाहीत असं बिल्डरनं बजावल्यामुळे ते तिनं दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं लावलं होतं, आणि दर पंधरा दिवसांनी ते खाली पडत होतं.

काम ती मन लावून करायची, हे खरं. उगाच ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणून माणसाची बोळवण करायची नाही. भीती वाटते म्हणणाऱ्याला आधी सगळं बोलू द्यायची. मग विचारायची, ती शरीरात कुठे बसते? छातीत? पोटात? गळ्याशी? बघा तिच्याकडे. हाकलू नका. हाकललं की ती जास्त हट्टानं परत येते. पाहुणी आलीय समजा, चहा विचारा आणि तिला बरोबर घेऊनच आपल्या कामाला लागा. वर्षभरात वीसएक माणसं तिच्याकडे येऊन गेली आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना फरक पडला. फरक पडला नाही तो कोचला.

नंदाला लिफ्टची भीती होती.

पंधरा वर्षांपूर्वी विक्रोळीच्या ऑफिसात ती लिफ्टमध्ये अकरा मिनिटं अडकली होती. बरोबर एक शिपाई आणि चहाच्या कपांची ट्रॉली. शिपाई आपल्या मेव्हणीच्या लग्नात आचारी कसा पळून गेला ते सांगत होता. आचारी सापडायच्या आत लिफ्ट चालू झाली. दिवे गेले नाहीत, कुणी ओरडलं नाही, चहासुद्धा सांडला नाही. काही झालं असतं तर निदान चारचौघांत सांगता तरी आलं असतं. पण त्या दिवसापासून लिफ्टचं दार सरकायला लागलं की तिच्या मानेवरून घामाची धार निघायची आणि श्वास गळ्याशी येऊन उभा राहायचा.

तेव्हा तिचं फारसं अडलं नाही. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, आणि मुलुंड पूर्वेची त्यांची जुनी इमारत तीन मजल्यांची, बिनलिफ्टची. मग इमारत पुनर्विकासाला गेली. चार वर्षं भाड्याच्या घरात काढली आणि तीन मजल्यांच्या जागी एकोणीस मजले उभे राहिले. मजल्यांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात घालून काढल्या, तेव्हा परबांची चिठ्ठी नंदानं स्वतःच्या हातानं काढली. तीनशे तीन. पाऊण तास ती सुखात होती. तेवढ्या वेळात एका सभासदानं म्हाताऱ्या वडिलांसाठी खालचा मजला मागितला आणि बदल्यात आपला चौदावा देऊ केला. चंद्रप्रकाश हरखून गेले. “नंदा, चौदावा! हवा, उजेड, डास नाहीत, खाडीपर्यंत नजर जाते. अशी अदलाबदल कोण करतं गं?”

नको, एवढा एकच शब्द तिनं म्हणायचा होता. पण पुढचा प्रश्न ‘का?’ असा येणार, आणि सोनेरी अक्षरांचं सर्टिफिकेट बरोबर आठ दिवसांपूर्वी आलेलं. नंदानं संमतीपत्रावर सही केली. अक्षर जरा वाकडं आलं, एवढंच.

राहायला आल्यापासून ती जिना चढत होती. व्यायाम म्हणून. भाजीची पिशवी हातात घेऊन चौदा मजले होईनात, तेव्हा तिनं युक्ती काढली. पिशवी लिफ्टमध्ये ठेवायची, चौदाचं बटण दाबायचं, पटकन बाहेर यायचं आणि सुयोगला फोन करायचा. पिशवी वर पोचायची. मग वीस मिनिटांनी नंदा. एकदा पिशवी नवव्या मजल्यावर थांबली आणि वर आली तेव्हा तीत शेपू नव्हता. बाकी व्यवस्था उत्तम चालली होती.

इतकी उत्तम की सोसायटीचे चेअरमन देवव्रत देसाई यांनी जिन्यातला तिचा फोटो ग्रुपवर टाकला. ‘आपल्या सोसायटीचा आदर्श! वय पंचावन्न, रोज चौदा मजले!’ खाली अठ्ठेचाळीस अंगठे आले. चार बायका तिच्याबरोबर चढू लागल्या. त्यांतल्या तिघी पाचव्या मजल्यावर गळाल्या. अकराव्या मजल्यावरच्या जयंतीताई मात्र जिद्दीनं महिनाभर चढल्या आणि मग त्यांना गुडघ्यात इंजेक्शन घ्यावं लागलं. येत्या शनिवारी महिला मंडळात नंदाचं भाषण होतं. विषय ‘चिंतेशी मैत्री’. ओळख करून देताना जिन्याचा उल्लेख करणार, असं देसाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं.

तर असं होतं. हट्टी सून म्हणवून घ्यायला नंदा तयार होती. घाबरट कोच म्हणवून घ्यायला नव्हती.

बेडरूमचं दार लावून तिनं लॅपटॉप उघडला, मागे मनी प्लांट दिसेल असा कोन साधला आणि चेहऱ्यावरचं भांडण पुसून टाकलं. पडद्यावर घाटकोपरची अबोली आली. तीस-एकतीसची, बँकेत नोकरी. दर सोमवारी मीटिंगमध्ये उभं राहून बोलायचं म्हटलं की तिचे हात थरथरत. याआधीच्या तीन मीटिंगांना ती आजारी पडली होती.

“मॅडम, या सोमवारी मी बोलले!”

“अरे वा! कसं वाटलं?”

“सॉलिड फाटली होती. म्हणजे, सॉरी, खूप भीती वाटत होती. पण तुम्ही सांगितलं होतं ना, हाकलायचं नाही. मग मी उभी राहिले आणि आधी सांगूनच टाकलं. म्हटलं, बोलताना माझे हात थरथरतात, तिकडे लक्ष देऊ नका, आकडे बघा.”

नंदा पुढे झुकली. “सांगितलंस? सगळ्यांना?”

“हो.”

“पण सांगायची काय गरज होती? म्हणजे, भीती स्वीकारायची ती आपल्या आत. चारचौघांत कशाला—”

हे आपल्या कोर्सच्या कुठल्याच पानावर नव्हतं, हे नंदाला बोलता बोलताच कळलं. अबोलीही क्षणभर गोंधळली.

“तसं नाही मॅडम. मला वाटायचं, सगळा त्रास थरथरण्याचा आहे. पण जास्त जोर लपवण्यातच जात होता हो. हात टेबलाखाली ठेवा, पेन घट्ट धरा, आजारपणाचा मेसेज टाइप करा. सांगून टाकलं आणि ते सगळं कामच संपलं. हात थरथरलेच. पण मग नुसतेच थरथरले.”

नंदानं वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

“मॅडम, एक विचारू? तुम्हाला कधी वाटते का अशी भीती? कशाची तरी?”

“पूर्वी वाटायची,” नंदा म्हणाली.

बेडरूमला लागून काचा लावून बंद केलेली बाल्कनी होती. तिथे वनमालाबाईंची खाट होती. तिथून खोकला ऐकू आला. खोकला आल्यामुळे आलेला तो खोकला नव्हता.

सेशन संपवून नंदा बाल्कनीत गेली. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. एकोणऐंशी वर्षांच्या. त्यांचे यजमान गिरणीत होते. गिरणी गेली, यजमान गेले, परळची खोली गेली. मालवणी मात्र त्यांनी कुठे जाऊ दिली नाही.

“आई, तुम्ही ऐकता होय सगळं? ते खाजगी असतं लोकांचं.”

“माका ऐकाक कमी येता म्हणान तूच सगळ्यांका सांगतंस मां? मग कित्याक घाबरतंस?”

“घाबरत नाही मी.”

“पूर्वी घाबरायचंस,” वनमालाबाई म्हणाल्या आणि पदरात हसल्या. “गो बाये, माझो डोळो अधू झालो, मी खुळी नाय झालंय. रोज पिशवी वर येता, मागसून तू येतंस, घामान भिजान. व्यायाम करणारा माणूस वर इल्यावर खूश दिसता. तू दिसतंस ती सुटल्यासारखी.”

नंदा खाटेच्या कडेवर बसली. नाही म्हणावं, चिडावं, की उठून जाऊन कुकर लावावा, यातलं काहीच तिला ठरवता येईना.

“तुम्ही यांना बोललात का काही?”

“मी कित्याक बोलू? तुझी भिती, तू सांग.” मग खाली बघत त्या म्हणाल्या, “माका पण भिती वाटता. त्या आपरेशनाची. डोळ्यात सुरी घालतत म्हणतत. चंदूक सांगलंय नाय. तो म्हणतलो, हल्ली धा मिनटाचा काम, कायेक होणा नाय.”

चंदू म्हणजे चंद्रप्रकाश. आणि तो अगदी तसंच म्हणाला असता.

नंदाचा आवाज आपोआप मऊ झाला. साडेसहाचा झाला. “आई, भीती वाटली तरी चालेल. तिला हाकलू नका. ती कुठे बसलीय बघा. छातीत की—”

“तां तुझ्या गिरायकांका सांग,” वनमालाबाईंनी तोडलं. “माका हात धरणारा माणूस होया. जाताना, येताना आणि त्या पेटयेत पण. वॉचमनाचो हात धरू मी?”

लिफ्टला त्या पेटी म्हणत.

नंदा उठली. चपला घातल्या आणि कुणाला काही न सांगता बाहेर येऊन लिफ्टसमोर उभी राहिली. बटण दाबलं. वरचे आकडे सरकू लागले. चार, पाच, सहा. मानेवर घाम आला. छाती, तिनं मनात नोंद केली. आणि गळा. चहा विचारावा असं काही मनात येईना. दार उघडलं आणि आत जयंतीताई, गुडघ्याला पट्टा, हातात प्रसादाचा डबा. नंदाला बघून त्या एवढ्या दचकल्या, की जणू चोरीच पकडली गेली.

“अय्या, नंदाताई! तुमच्याकडेच येत होते, सत्यनारायणाचा प्रसाद द्यायला. म्हणजे, तीन तर मजले, चालतच येणार होते, पण डॉक्टर म्हणाले अजून पंधरा दिवस नको.”

“अहो, मग बरोबरच आहे ना.”

“नाही हो. सगळ्यांना सांगितलं होतं, नंदाताईंसारखं करून दाखवीन म्हणून. आता लिफ्टनं जाताना कुणी भेटलं की लाज वाटते. काल तुम्ही खाली दिसलात ना, तर मी तुम्ही जिन्याकडे वळेपर्यंत पार्किंगमध्ये उभी राहिले.”

दार बंद व्हायला लागलं. जयंतीताईंनी हात आडवा घातला. “येताय का आत? नको नको, तुमचा नेम मोडेल.”

नंदानं त्यांच्या गुडघ्याच्या पट्ट्याकडे पाहिलं. निळा, नवा, तीन बंदांचा. आपल्या भीतीनं स्वतःचं वाटोळं केलं तर ते आपलं आपल्याशी. ती दुसरीच्या गुडघ्यात जाऊन बसली होती. आणि ती बिचारी तोंड लपवून पार्किंगमध्ये उभी राहत होती, चांगल्या धडधाकट लिफ्टमध्ये बसल्याबद्दल.

“जयंतीताई, नेम वगैरे काही नाही. मला लिफ्टची भीती वाटते. म्हणून चढते.”

दार पुन्हा जयंतीताईंच्या हातावर आपटून मागे सरकलं.

“काय सांगता! मग माझं इंजेक्शन?”

नंदानं प्रसादाचा डबा घेतला, माफी मागितली, आणि दार लागल्यावर लिफ्ट खाली जाईपर्यंत तिथेच उभी राहिली. जयंतीताई रागावल्या होत्या हे खरं. पण दार लागता लागता पट्टा सैल करून त्यांनी जो श्वास सोडला, तोही नंदाला ऐकू आला होता.

घरी येऊन तिनं कुकर पुन्हा लावला, गवार फोडणीला टाकली, आणि ती परतता परतता सोसायटीच्या ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या. पहिल्यांदा लिहिलं, ‘मला लिफ्टबद्दल थोडी अस्वस्थता जाणवते.’ ते खोडलं. दुसऱ्यांदा साधं लिहिलं आणि पाठवून दिलं. एकही अंगठा आला नाही. देसाईंनी फक्त प्रश्नचिन्ह टाकलं.

साडेआठला सगळे जेवायला बसले. चंद्रप्रकाश अजून धुमसत होते. वनमालाबाईंच्या पानात नंदानं भात कालवून दिला. हॉलमध्ये सर्टिफिकेट पुन्हा पडल्याचा आवाज आला. कुणी उठलं नाही.

“गुरुवारचं काय ठरलं मग?” चंद्रप्रकाशांनी आमटीकडे बघत विचारलं. “मालकाशी भांडून रजा घेऊ का मी? तुझा नेम राहू दे.”

“माझा नेम नाहीये. मला लिफ्टची भीती वाटते. पंधरा वर्षं वाटते.”

सुयोगचा घास हातात राहिला. “कमॉन आई. तू कोच आहेस.”

“म्हणूनच कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. ग्रुपवरही टाकलंय.”

“ग्रुपवर?” चंद्रप्रकाशांचा आवाज फुटला. “अगं, आधी बोलायचंस ना! लिफ्टला काय घाबरायचं, हल्लीच्या लिफ्टना बॅटरी असते, कायेक होणा नाय... आणि मग तीनशे तीन का सोडला आपण? मी काय मूर्ख होतो, चौदावा घ्यायला?”

वनमालाबाई खोकल्या. याही वेळी खोकला आला नव्हता.

“तीनशे तीन गेला, तो गेला,” नंदा म्हणाली. तिनं आमटीची वाटी त्यांच्याकडे सरकवली. “गुरुवारी आईंना मी लिफ्टनं नेणार आणि लिफ्टनंच आणणार. त्यांचा हात धरून. त्यांना ऑपरेशनची भीती वाटतेय, त्यांना कुणी दहा मिनिटांचं काम आहे म्हणून सांगायचं नाही. मला घाम येईल, कदाचित मी मध्येच बाहेर पडेन, मग आम्ही पुढच्या लिफ्टची वाट बघू. दवाखान्याची वेळ साडेनऊची आहे, आम्ही आठला निघणार. शनिवारच्या भाषणात मी हेच सांगणार आहे, देसाईंना ऐकायचं नसेल तर त्यांनी येऊ नये. आणि शुक्रवारपासून मी परत जिन्यानंच येईन. भाजीची पिशवी लिफ्टनं येईल. ती घ्यायला कुणीतरी वेळेवर दाराशी उभं राहायचं.”